बत्तिसावी पायरी

“मेलेल्या माणसाचा फोन लागत नसतो, काका,” असं म्हणून ऋतुजानं हात पुढे केला.

रामकिशन गजभारेनं खिशातून मोबाइल काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. मग वहीत लिहिलं: ‘सकाळी दहा पाच. रामकिशन काका नाहीत.’

“घरी जायचं नाही. घरी निरोपही द्यायचा नाही,” ती म्हणाली. “गेलेला माणूस घरी कसा सापडेल?”

“मग जाऊ कुठं, मॅडम?”

“कुठंही जा. घाटावर जा, सिनेमाला जा. पाच वाजता जिवंत व्हा. आणि मॅडम म्हणू नका हो.”

रामकिशननं मान हलवली. या पोरीला पाचवीत असताना स्वतःचं नाव कॉम्प्युटरवर टाइप करायला त्यानंच शिकवलं होतं. आता ती पुण्याहून मोठी डिग्री घेऊन आली होती आणि रविवारच्या सकाळी त्याला मारून मोकळी झाली होती. निघताना त्यानं सवयीनं स्वतःची खुर्ची टेबलाखाली सरकवली. धम्मप्रियानं ती लगेच परत बाहेर ओढली आणि बसली. चोवीस वर्षांची ही नवी ऑपरेटर चुणचुणीत होती, आणि रामकिशनची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार तीच होती.

नांदेडच्या डॉक्टर लेनमधली ही लॅब ऋतुजाच्या वडिलांची, डॉ. महांतेश बिरादारांची. रामकिशन तिथं सव्वीस वर्षं होता. रक्त-लघवीचे रिपोर्ट टाइपरायटरवर बडवायच्या काळात तो कंधारहून आला, कॉम्प्युटर आल्यावर तोही शिकला, आणि हळूहळू एक टेबल, एक खुर्ची आणि दोन लाख पेशंटांचे रिपोर्ट एवढा मुलूख त्याच्या ताब्यात आला. पहिल्या एसटीनं आलेली म्हातारी माणसं डॉक्टरांचं नाव विसरायची, पण ‘गजभारे सराकडं आपला जुना कागद असंल’ हे विसरायची नाहीत. त्यांनी ते विसरू नये, इकडे रामकिशनचंही लक्ष असे.

त्याची एक पद्धत होती. दर शनिवारी संध्याकाळी तो सगळे रिपोर्ट एका हार्ड डिस्कवर उतरवायचा, डिस्क धुतलेल्या रुमालात गुंडाळायचा आणि पोळ्यांच्या चपट्या स्टीलच्या डब्यात ठेवून घरी न्यायचा. लॅबला आग लागली, छत गळलं, काहीही झालं तरी रिपोर्ट तरोड्याच्या त्याच्या घरात सुखरूप. शेअर रिक्षात तो डबा मांडीवर आडवा धरून बसायचा, दोन्ही हात झाकणावर. शेजारच्यानं “सर, रात्रीचं जेवण सोबतच का?” विचारलं तरी हात काढायचा नाही. घरी त्याची माय, धुरपताबाई, डबा घ्यायची आणि बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवायची. आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ‘हजारो लोकांची अमानत हाय, माझ्याबिगर कुणाच्या हाती द्यायची न्हाई,’ एवढं त्यानं सांगितलं होतं, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

गेल्या दिवाळीत गल्लीतल्याच एका लॅबचे सगळे रिपोर्ट कुठल्याशा व्हायरसनं कुलूपबंद केले. ती लॅब महिनाभर हातानं कागद लिहीत होती. डॉ. बिरादार घाबरले, आणि ऋतुजानं आपत्ती आराखडा करायला घेतला. कॉम्प्युटर जळाला तर काय, पाणी शिरलं तर काय, व्हायरस आला तर काय. प्रत्येक ‘तर काय’पुढे उत्तर मिळत गेलं, कारण रामकिशननं आधीच सोय करून ठेवली होती. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं.

“बाबा, आपल्या रिपोर्टच्या तीन प्रती आहेत,” ती म्हणाली. “रामकिशन काकांची मात्र एकच आहे.”

डॉक्टर हसले. रामकिशनलाही ते कौतुक वाटलं. दोन दिवसांनी कळलं की तो आराखड्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणून नोंदवला गेला आहे, आगीच्या वर.

मग ठरलं ते असं. आग लागली तरी सगळं परत कसं उभं करायचं, हे रामकिशननं पायरी-पायरीनं कागदावर लिहायचं. एका रविवारी मुख्य कॉम्प्युटर बंद करायचा, तो जळाला असं धरायचं, रामकिशनही वारला असं धरायचं, आणि धम्मप्रियानं नुसता तो कागद वाचून स्टोअरमधल्या जुन्या मशीनवर सगळे रिपोर्ट उभे करायचे. जमलं, तर रिपोर्टचं काम तिच्याकडे जाणार आणि रामकिशन धर्माबादच्या नव्या सेंटरचा प्रमुख होणार. ‘बढतीच आहे,’ असं डॉक्टर दोनदा म्हणाले. धर्माबादला एक फ्रीज, एक बाकडं आणि नळ्यांचा खोका होता. तिथं रक्त काढायचं आणि नांदेडला पाठवायचं. तिथं कुणाचाच जुना कागद नसणार होता.

आणि नाही जमलं, तर रामकिशन आहे तिथंच राहणार.

म्हणजे कागद जितका चांगला उतरेल, तितका तो लिहिणारा धर्माबादच्या जवळ सरकणार. कुणीही दोन-चार पायऱ्या खाल्ल्या असत्या. रामकिशननं तीन आठवडे घालून एकतीस पायऱ्या लिहिल्या, ठळक अक्षरात, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ ओढून. यात सज्जनपणा किती आणि स्वतःच्या अक्षराचा अभिमान किती, याचा हिशेब त्याचा त्यालाही लागला नसता.

तर असा हा मयत माणूस लॅबच्या पायऱ्या उतरला, बरोबर पंधरा पावलं चालला आणि समोरच्या धोंडप्पाच्या टपरीवर जाऊन बसला. घाट, सिनेमा वगैरे त्याच्या मनातही आलं नाही.

“बर्री सर, बर्री,” धोंडप्पा म्हणाला. तो देगलूरचा, आणि गिऱ्हाइकाला बोलावताना त्याचं कानडी अजून बाहेर यायचं. “आज सुट्टी का ड्यूटी?”

“आज मी वारलो.”

धोंडप्पानं गाळणीतली चहापत्ती झटकली. “कधी?”

“दहा पाचला.”

“मग साखर कमी करू का, हाय तशीच?”

रामकिशननं त्याला सगळं सांगितलं. धोंडप्पानं ऐकून घेतलं आणि चहा पुढे सरकवला. “लई शिकले की असं होतंय बघा. आमच्या तिकडं माणूस खराखुरा मरू देतेत, मग इचारतेत किल्ल्या कुठं हायत.”

पहिला चहा झाला. रामकिशन लॅबच्या काचेच्या दाराकडं बघत बसला. कुणीतरी घाबऱ्या घाबऱ्या बाहेर येईल, इकडंतिकडं बघेल, असं त्याला वाटत होतं. दहा चाळीसला दार उघडलं. रक्त काढणारा टेक्निशियन प्रीतम बाहेर आला, मोटारसायकल काढून तरोड्याच्या बाजूला गेला. रामकिशननं मनात कागद उलटला. पायरी नववी: घरून डबा आणणे. म्हणजे पहिल्या आठ पायऱ्या पस्तीस मिनिटांत झाल्या होत्या. त्याला स्वतःला चाळीस लागायची.

“पोरगी हुशार हाय,” तो म्हणाला.

“मग धर्माबादला आमची आठवण ठेवा,” धोंडप्पा म्हणाला. “तिथं च्या लई पाणचट भेटतो म्हंतेत.”

दुसरा चहा झाला. धोंडप्पाला गिऱ्हाइकांतून जरा सवड मिळाली तेव्हा त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथं खताच्या दुकानानं दिलेलं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, आणि त्याच्यावर अजून पंधरा नोव्हेंबर, शनिवार होता.

“घ्या. मी अजून कालच्यातच धंदा करून राहिलो,” म्हणून त्यानं पान फाडलं आणि भज्याच्या तेलाचा हात पुसायला घेतलं.

“थांब,” रामकिशन म्हणाला.

“काय झालं?”

तो त्या पानाकडं बघत राहिला.

तारीख.

दर सकाळी लॅब उघडल्यावर तो कॉम्प्युटरचं मशीन चालू करायचा. डॉक्टरांना शॉर्टसर्किटची भीती, म्हणून संध्याकाळी मेन बटणच बंद व्हायचं, आणि सकाळी मशीन जागं व्हायचं ते एक जानेवारी दोन हजार बारा या दिवशी. रामकिशन भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्याला आजची तारीख सांगायचा आणि मगच रिपोर्टचं सॉफ्टवेअर उघडायचा. न सांगता उघडलं तर ते उघडायचंच नाही. लातूरच्या ज्या पोरानं ते सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्यानं फोनवर ‘तारीख टाकत जा, सर’ असं सांगितलं होतं आणि पुढं तो हैदराबादला गेला तो गेलाच. आठ वर्षं झाली त्याला. चष्मा पुसावा तशी रामकिशन तारीख टाकत होता. कागद लिहिताना चष्मा पुसायचा असतो हे कोण लिहितं?

स्टोअरमधलं जुनं मशीन याच मशीनबरोबर जोडीनं घेतलेलं. त्याचीही तीच खोड. व्हायरसच्या भीतीनं त्याला नेट लावायचं नाही, असं आराखड्यातच लिहिलेलं, तेव्हा तारीख बाहेरूनही येणार नव्हती. धम्मप्रिया एकतीसच्या एकतीस पायऱ्या बिनचूक करणार आणि शेवटी पडदाभर पांढरी पाटी येणार: ‘फाइल उघडता येत नाही’. त्या सॉफ्टवेअरला दुसरं वाक्यच येत नव्हतं. वीज जाऊन आली, कागद संपला, तारीख चुकली, सगळ्याला तेच.

त्यानं हे सगळं धोंडप्पाला समजेल इतपत सांगितलं.

“म्हंजे तुमच्याबिगर चालू होत न्हाई,” धोंडप्पा म्हणाला.

“न्हाई होत.”

“तुम्ही मुद्दाम लपवलं का?”

“न्हाई रे. ध्यानातच आलं न्हाई.”

“मंग झालं की. लपवलं न्हाई, चोरी न्हाई. तुम्ही तर मेलेले हाव. मेलेल्या माणसाला कुणी जाब इचारत असतंय का? बसा गपचिप. पाच वाजता जा आत, एक बटण दाबा, लोक पाया पडतेल.”

रामकिशनच्या डोळ्यांपुढं ते आलंही. पाच वाजले आहेत, ऋतुजाचा चेहरा उतरलाय, डॉक्टर टाय सैल करून उभे आहेत, आणि तो चष्मा पुसत पुसत येऊन म्हणतो, ‘सरका जरा’. सव्वीस वर्षांत असा प्रसंग त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्यानं तिसरा चहा सांगितला.

तो अर्धा झाला असेल, तोच रस्त्यावर एक रिक्षा थांबली. मागोमाग प्रीतमची मोटारसायकल. रिक्षातून आधी स्टीलचा डबा बाहेर आला, मग तो छातीशी धरलेली धुरपताबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पांढरं लुगडं, पायात चप्पल नाही. ती लॅबकडं वळली, थबकली, आणि तिला टपरीवर आपला लेक दिसला.

ती सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्याच्याकडं पाहिलं, मग हातातल्या चहाकडं.

“हा पोरगा म्हंतो, तू आता न्हाईस,” ती म्हणाली.

प्रीतम हेल्मेट काढत घाईघाईनं म्हणाला, “सर, मी तसं न्हाई म्हणलो. मी म्हणलो, ‘आजी, रामकिशन सर आता न्हाईत असं समजा आणि डबा द्या’. मॅडमनी तसंच बोलायला सांगितलं होतं.”

“समजा कसं?” धुरपताबाई म्हणाली. “माणूस असतंय नाहीतर नसतंय. म्या ह्याला पाच बार इचारलं, हा म्हंतो समजा. काय रे, जिता हायस का?”

“हाय, माय. संध्याकाळपतुर फक्त न्हाई.”

“मंग च्या कोण पिऊन राहिलं?”

धोंडप्पानं तोंड फिरवून भांडी विसळायला घेतली. रामकिशननं तिला बाकड्यावर बसवलं. ती बसली, पण डबा सोडला नाही. झाकण तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तरोड्यापासून इथवर ती काय समजत आली असेल, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

“लेकरू मेलं तरी अमानत द्यायची न्हाई, असं तर तू म्हणला नव्हतास,” ती म्हणाली. “पर म्या म्हणलं, त्याच्या जागेवर नेऊन द्यावी. तिथं तर असंल कुणी जिम्मेदार.”

प्रीतमनं घड्याळाकडं पाहिलं. “सर, बारा वाजले. आत धम्मप्रिया डिस्कसाठी थांबलीय. द्यायला सांगा की.”

धुरपताबाईनं डबा लेकापुढं धरला. “तूच काढ. तुझ्याबिगर कुणाच्या हाती द्यायची न्हाई, तूच म्हणलास.”

रामकिशननं डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं. रुमाल तसाच होता, कोपऱ्यावर कोपरा. त्यानं धोंडप्पाकडं हात केला. धोंडप्पानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, मग ते कॅलेंडरचं पान दिलं. रामकिशननं खिशातलं पेन काढलं आणि पानाच्या मागच्या बाजूला, मांडीवर डबा असतानाही अक्षर न हलू देता, लिहिलं: ‘पायरी बत्तिसावी. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मशीनला आजची तारीख सांगणे.’ ‘आजची’खाली रेघ मारली. लाल पेन नव्हतं, म्हणून दोनदा मारली. पान रुमालावर ठेवलं, झाकण लावलं.

“दे माय आता त्याला.”

प्रीतम इतका वेळ मोटारसायकलच्या आरशात केस बघत होता. डबा घेऊन तो आत गेला.

“लई चुकलाव, सर,” धोंडप्पा म्हणाला, आणि न विचारता धुरपताबाईपुढं चहा ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी ऋतुजानं दार उघडून हाक मारली. तो समोरच बसलाय हे तिला सकाळपासून दिसत असावं, कारण ती इकडंतिकडं न बघता सरळ टपरीकडंच बघत होती.

आत डॉक्टर होते, धम्मप्रिया त्याच्या खुर्चीत होती, आणि प्रिंटरवर एक कागद पडला होता. कुठला जुना रिपोर्ट काढायला सांगणार हे कुणाला कळू नये म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांनी पाकिटात बंद केलेलं नाव साखराबाईंचं, मुखेडकडच्या कुण्या पेशंटचं, अकरा वर्षांपूर्वीच्या साखरेचा रिपोर्ट. तो जसाच्या तसा निघाला होता. डॉक्टर म्हणाले, “रामकिशन, कमाल केलीस.” रामकिशनच्या तोंडावर हसू आलं आणि राहिलं.

ऋतुजाच्या हातात मात्र ते पान होतं. “काका, हे डब्यात होतं.”

“हाव.”

“पहिल्यापासून?”

तिनं पान उलटं केलं. पंधरा नोव्हेंबर, शनिवार. खाली भज्याचा डाग.

“शनिवारचं पान रविवारी फाडतात,” ती म्हणाली. “तुम्ही हे मेल्यावर लिहिलंत.”

“हाव,” रामकिशन म्हणाला.

“मग तालीम नापास.” तिनं तसं वहीत लिहिलंही. पण लिहून झाल्यावर तिचं पेन तिथंच थांबलं. “तारीख रोज जाते? कधीपासून?”

“आठ वर्षं झाली. मी रोज टाकतो.”

“रोज?”

“सुट्टीला गेलो तर आदल्या दिवशी मशीन बंदच करत न्हाई. डॉक्टरांना सांगत न्हाई फक्त.”

डॉक्टरांनी हे आज पहिल्यांदा ऐकलं. प्रीतम मात्र वाकून मशीनचं एका बाजूचं झाकण काढत होता. त्यानं नखानं आतून काहीतरी उचकटलं आणि तळहातावर धरलं. रुपयाएवढी, चपटी, चंदेरी टिकली.

“सेल गेलाय, मॅडम. तारीख ह्याच्यावर राहती. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडं भेटतो, चाळीस रुपयाला.”

आठ वर्षांच्या जवळजवळ अडीच हजार सकाळी एका बाजूला, आणि घड्याळवाल्याकडचे चाळीस रुपये दुसऱ्या बाजूला. एवढी वजाबाकी करायला कुणालाच कागद लागला नसणार. प्रीतम जाऊन दोन सेल घेऊन आला. एक या मशीनला, एक मुख्य मशीनला. तारीख एकदा टाकली, मशीन बंद केलं, मेन बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात सोळा नोव्हेंबर होती.

ऋतुजानं पेन घेतलं आणि त्या पानावरची बत्तिसावी पायरी खोडली. खोडताना तिचा हात जरा हळू चालला, एवढंच.

जुना सेल टेबलावर राहिला होता. रामकिशननं तो उचलून शर्टाच्या खिशात टाकला. मग बाहेर येऊन मायला रिक्षात बसवलं.

“झालं का तुझं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“पुन्यांदा असं करू नको.”

पुढच्या रविवारी तो पुन्हा वारला. या वेळी मायला आधी सांगितलं होतं, आणि डबा प्रीतमच्याच हाती द्यायला तिला तयार करायला तीन दिवस लागले. तो खरोखरच घाटावर जाऊन बसला. धम्मप्रियानं एकतीस पायऱ्या एक तास पन्नास मिनिटांत केल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी पेढे मागवले. ऋतुजानं आराखड्याची नवी प्रत काढली. घरच्या प्रतीच्या जागी आता बँकेचं लॉकर होतं, आणि धोक्यांच्या यादीत आग पुन्हा पहिल्या नंबरावर गेली होती. डबा तिनं स्वतः धुऊन, पुसून त्याला परत दिला.

“काका, धर्माबादला काही अडलं तर फोन करा,” ती म्हणाली.

“तुमचं अडलं तर तुम्ही करा, मॅडम,” तो म्हणाला. या वेळी तिनं त्याला मॅडम म्हणण्यावरून टोकलं नाही.

सोमवारी सकाळी तो तयार झाला तेव्हा धुरपताबाईनं डबा पुढं केला. आत दोन ज्वारीच्या भाकरी, चटणी, कांदा. ती कधीची उठून बसली होती. “इतकी वर्षं आमच्या भाकरीला ह्यात जागा न्हवती,” ती म्हणाली.

धर्माबादची गाडी रिकामी होती. खिडकीजवळची जागा मिळाली, वर सामानाची फळी मोकळी होती, शेजारी कुणी नव्हतं. रामकिशन डबा मांडीवर आडवा ठेवून बसला, दोन्ही हात झाकणावर, आणि मुदखेड गेलं, उमरी गेलं, तरी त्यानं हात काढले नाहीत.